चौथ्या सदस्याविरुद्ध

नानांनी आयुष्यात एकच तक्रार केली. ग्रंथालयात चौतीस वर्षं सूचीच्या टेबलावर काढली, त्यातले तीन उन्हाळे डोक्यावरचा पंखा बंद होता, पण नाना काही बोलले नाहीत. खुर्ची सरकवून खिडकीपाशी बसले. पुढे हिवाळ्यात खिडकीची काच फुटली, तेव्हा खुर्ची उचलून परत पंख्याखाली आले. असा माणूस सदुसष्टाव्या वर्षी तक्रार लिहायला बसतो आणि ती तीन पानं भरते, म्हणजे कारण तसंच मोठं असणार असं कुणालाही वाटेल. कारण मोठं नव्हतं. कारण होतं गट-प्रकल्प.

पदवी नव्हती म्हणून नाना शेवटपर्यंत 'प्रभारी' राहिले. चार तरुण पदवीधर त्यांच्या डोक्यावर येऊन बसले, आणि त्या चौघांनाही सूचीचे खण कुठल्या बाजूने उघडतात हे नानांनीच शिकवलं. निवृत्तीनंतर सूनबाईने त्यांचं नाव ऑनलाइन विद्यापीठात घातलं. नानांना ते शिक्षण फारच मानवलं. वर्ग नाही, बाक नाही, कुणी उभं करून प्रश्न विचारत नाही. पुस्तक वाचायचं, उत्तर लिहायचं, आणि कुणाच्या तोंडाकडे न बघता पास व्हायचं. असं शिक्षण पन्नास वर्षांपूर्वी निघालं असतं तर आपण कुठल्या कुठे गेलो असतो, असं ते बायकोला म्हणत. बायको म्हणे, "कुठे गेला असता? घरातच बसला असता."

एकेक करत सगळे पेपर सुटले. शेवटचा तेवढा राहिला. त्यातच विद्यापीठाने कळवलं की हा अभ्यासक्रम यंदा बंद होतोय, राहिलेल्यांना पुन्हा संधी नाही. आणि शेवटच्या पेपरचं नाव होतं 'समूहकार्य'.

सूचनापत्रात लिहिलं होतं : चार ते पाच विद्यार्थ्यांचा गट राहील. घरबसल्या शिकणाऱ्यांना एकमेकांचा आधार कसा मिळतो, या विषयावर गटाने प्रकल्प करावा. विद्यार्थ्यांनी परस्परांना आधार द्यावा व त्याचा पुरावा जोडावा. प्रत्येक गटाला एक 'अभ्यासमित्र' नेमून दिला असून तो आवश्यकतेनुसार संपर्क साधेल.

आयुष्य कचेरीत गेलेलं असल्यामुळे 'आवश्यकतेनुसार' या शब्दाचा अर्थ नानांना ठाऊक होता. त्यांनी अभ्यासमित्राची वाट पाहिली नाही.

गटाच्या माहितीसाठी दोन गोष्टी आल्या. एका चिठ्ठीवर पाच फोन नंबर होते, खासगीपणा जपायचा म्हणून नावं नव्हती. आणि वेबसाइटवर चार विद्यार्थी-क्रमांकांची यादी होती. त्या यादीत नानांचा क्रमांक नव्हता. ज्या माणसाला ग्रंथालयातल्या अकरा हजार पुस्तकांचे क्रमांक तोंडपाठ होते, त्याला स्वतःचा पाठ नसेल का? प्रवेशाच्या पावतीवरचा आकडा नानांनी पहिल्याच दिवशी घोकला होता. त्यांनी मदत केंद्राला अतिशय नम्र पत्र लिहिलं. उत्तर आलं, "आपली पडताळणी पूर्ण झाली आहे. सोबतचे पत्र पाहावे." सोबतचं पत्र नानांनी पाहिलं नाही. अनोळखी मेलला जोडलेलं काहीही उघडायचं नाही, असं सूनबाईने बजावून ठेवलं होतं, आणि नाना आज्ञाधारक होते. पडताळणी झाली आहे तर नोंदही होईल यथावकाश, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. म्हणजे यादीतले चार आणि पाचवे आपण. फोनही पाचच होते. हिशेब जुळला.

फोनवरचा गट एका परिचारिकेने काढला. तिला सगळे सिस्टर म्हणू लागले. दुसरा लिफ्ट दुरुस्त करणारा होता. तो कायम कुठल्या तरी इमारतीच्या पोटात असे आणि "आत्ता खाली आहे, वर गेलो की बोलतो" एवढंच लिहून गडप होई. तिसरी पार्लरवाली. तिला टायपिंगचा कंटाळा, म्हणून ती बोललेले निरोप पाठवी, आणि केस वाळवण्याच्या यंत्राच्या घरघरीतून तिचे विचार वेचून घ्यावे लागत. चौथा नंबर नानांचा स्वतःचा. पाचवा फोन तेवढा बंद. सकाळी बंद, दुपारी बंद, रविवारीही बंद.

नानांनी स्वतःची ओळख करून देणारा निरोप लिहायला दोन दिवस घेतले. आधी त्यात वय होतं, ते काढलं. मग ग्रंथालय होतं, ते बढाई वाटली म्हणून काढलं. मग नाव राहिलं होतं, तेही एकटंच ओशाळल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी उरलं ते असं : "आपणा सर्वांच्या संपर्कात आल्याचा आनंद वाटतो. विषयाचे तीन भाग पाडावेत, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते."

दोन मिनिटांत सिस्टरचं उत्तर आलं, "हो सर."

नानांना बरं वाटलं. ग्रंथालयातला शिपाईसुद्धा त्यांना सरच म्हणायचा. वयाचा मान असतो, त्यात आपण कशाला लुडबुडायचं, असं त्यांनी ठरवलं. पुढे चार महिने ते सर राहिले. तिघं आपापला मजकूर त्यांच्याकडे पाठवत, नाना तो छापून घेत, लाल पेनाने तपासत, आणि फोटो काढून परत पाठवत. शेवटी 'छान' किंवा 'प्रगती आहे' असा शेरा. लिफ्टवाल्याच्या पहिल्या पानावर मजकुरापेक्षा लाल रंग जास्त होता. चौथ्या महिन्यात त्याने नऊ ओळींचं एक वाक्य न अडखळता पार केलं, तेव्हा नानांना कुणीतरी आपल्याच घरातलं पास झाल्यासारखं वाटलं.

आता प्रश्न असा, की या सगळ्यात नाना स्वतः काय लिहीत होते? लिहीत होते, पुष्कळ लिहीत होते. वेबसाइटवर चर्चेसाठी एक चौकट होती आणि तिच्याखाली दोन बटणं, 'जतन करा' आणि 'पाठवा'. नाना आपला मुद्दा लिहीत, वाचत, एक विशेषण काढत, पुन्हा घालत, आणि उद्या ताज्या डोळ्यांनी पाहू म्हणून 'जतन करा' दाबत. उद्या नवा मुद्दा सुचे.

तिसऱ्या महिन्यात सिस्टरने गटाला एक नियम दाखवला. सहभागाचे गुण सगळ्यांच्या सरासरीवर मिळतात. यादीत प्रत्येक क्रमांकापुढे त्याच्या निरोपांचा आकडा होता. सिस्टर एकतीस, लिफ्टवाला चोवीस, पार्लरवाली चाळीस. चौथ्या क्रमांकापुढे शून्य.

नाना पहिल्यांदा त्या चौथ्याच्याच बाजूने बोलले. आजारी असेल बिचारा, असं त्यांनी लिहिलं. लिफ्टवाल्याने वरच्या मजल्यावर आल्यावर कळवलं, की आजारी माणूस आधी आजाराचेच दहा निरोप पाठवतो. पार्लरवालीचं म्हणणं यंत्राच्या घरघरीतून ऐकू आलं ते असं, की असले लोक तिच्याकडेही येतात, खुर्ची अडवून बसतात आणि करून काहीच घेत नाहीत. सिस्टरने सरळ विचारलं, की सर, याला काढून टाकता येणार नाही का?

येणार होतं. त्यासाठी 'असहभागी सदस्याबाबत तक्रार' असा अर्ज होता.

नानांच्या मनात हळूहळू काहीतरी उकळायला लागलं. हा चौथा कोण कुठला, एक ओळ न लिहिता पदवी घेणार. तीच पदवी, जिच्याअभावी आपण चौतीस वर्षं प्रभारी राहिलो. या चौथ्याला नाना ओळखत होते. तो त्यांच्या ग्रंथालयातही होता, समोरच्या टेबलावर, वर्तमानपत्रामागे, आणि बढती घेऊन गेला होता.

शेजारी एक विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ राहत. सगळे त्यांना विमावाले म्हणत. त्यांना हे कळलं तेव्हा ते चष्मा पुसत नानांच्या घरी आले आणि म्हणाले, "लेखी द्या. आणि पळवाट ठेवू नका. मी तीस वर्षं लोकांचे दावे नाकारलेत. माणूस कुठून निसटतो ते मला विचारा."

मग तीन दुपारी दोघं बसले. विमावाले एकेक भोक दाखवत, नाना ते परिच्छेद लिहून बुजवत. तो म्हणेल आजारी होतो. तिसरा परिच्छेद : चार महिन्यांत एक शब्द लिहू न देणारा आजार असेल तर दाखला असणारच. तो म्हणेल मला कॉम्प्युटर जमत नाही. चौथा परिच्छेद : ज्याला प्रवेश घेता आला त्याला बटण दाबता येतं. तो म्हणेल वय झालं. पाचवा परिच्छेद : वय हे सबबीचे भांडार नव्हे.

"आणि तो म्हणाला, मी लाजाळू आहे, तर?" विमावाल्यांनी विचारलं.

नानांनी नवा कागद ओढला. मग त्यांनी सहावा परिच्छेद लिहिला, आणि तो सगळ्यात जोरदार झाला. 'लाजाळूपणा हा सद्गुण असेल. परंतु दुसऱ्याच्या खांद्यावर बसून मिरवण्याचा तो सद्गुण नव्हे. जो आपले मत मनातच ठेवतो, तो गटाला मत देत नाही, आपले ओझे देतो.'

विमावाल्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, की नाना, तुम्ही आमच्या कंपनीत असता तर एक माणूस सुटला नसता.

बायकोने तीनही पानं वाचली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, पण नानांनी लिहिलेलं तिने असं बसून वाचण्याची ही पहिलीच वेळ. "छान लिहिलंय," ती म्हणाली. "पण त्या बापड्याला एकदा विचारा तरी. काही अडचण असेल."

नानांनी तो पाचवा फोन पुन्हा लावला. बंद. झालं, तेवढीही संधी चौथ्याने घालवली.

सिस्टर म्हणाली, की सर, तुम्हीच पाठवा, तुमच्या शब्दाला वजन आहे. नानांनी अर्ज उघडला, तक्रारदार या रकान्यात 'गट' निवडलं, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा क्रमांक यादीत बघून एकेक आकडा तपासत भरला, आणि डोळे मिटून 'पाठवा' दाबलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने चहा केला आणि सगळ्यांना दिला.

संध्याकाळी आणखी एक गंमत झाली. चौथ्याच्या क्रमांकापुढचं शून्य गेलं आणि तिथे एक आला.

"बघा सर, घाबरला," लिफ्टवाल्याने लिहिलं.

आपल्या शब्दांनी जगात कुणालातरी हालवलं, ही भावना नानांना नवीन होती. ते दोनदा उठून आरशात बघून आले.

अकराव्या दिवशी विद्यापीठाचा मेल आला. समितीने गटाची तक्रार ग्राह्य धरली होती. सदर सदस्यास गटातून का वगळू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा; अन्यथा प्रवेश रद्द. खाली तक्रार शब्दशः जोडली होती. नाना खुर्चीत रेलून ती वाचू लागले. सहाव्या परिच्छेदाला त्यांनी स्वतःशीच मान डोलावली. एके ठिकाणी स्वल्पविराम राहिलाय असंही त्यांच्या लक्षात आलं. वाचून झाल्यावर मेल नेमका कुणाला पाठवलाय, म्हणून त्यांनी वर पाहिलं. 'प्रति' या शब्दापुढे त्यांचं स्वतःचं नाव होतं. वडिलांच्या नावासकट.

त्यांनी सूनबाईला हाक मारली. ती कामाच्या मीटिंगमधून कान मोकळा करत आली. तिने आधी मदत केंद्राचा जुना मेल काढला आणि सोबतचं पत्र उघडलं. त्यात लिहिलं होतं, की पडताळणीनंतर आपला तात्पुरता क्रमांक रद्द होऊन पुढील कायम क्रमांक देण्यात येत आहे. मग तिने वेबसाइट उघडून वरच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं मोठी केली. तोच क्रमांक. यादीतला चौथा. त्याच्याखाली 'जतन केलेले मजकूर' असा एक कप्पा होता. त्यात एकसष्ट मजकूर होते.

"म्हणजे तुम्ही तुम्हालाच काढलंत," बायको दारातून म्हणाली.

"मग पाचवा फोन कुणाचा?" नानांनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, पण फार लांबून आला.

सूनबाईने चिठ्ठी पाहिली, सूचनापत्र पाहिलं. "तो अभ्यासमित्राचा असणार, बाबा. गट चौघांचाच आहे." मग ती फोनवरचे निरोप वरपर्यंत सरकवत गेली. हो सर, चालेल सर, सर तुमचा शेरा वाचून हुरूप आला. आणि तिने हळूच विचारलं, "बाबा, यांना तुम्ही नक्की कोण वाटताय?"

उत्तर सूचनापत्रातच होतं : अभ्यासमित्र. चौतीस वर्षांत जी बढती मिळाली नाही, ती त्यांना चार महिन्यांपूर्वीच मिळाली होती, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

नाना विमावाल्यांकडे धावले. आजारी होतो असं लिहावं का? "तिसरा परिच्छेद," विमावाले म्हणाले. क्रमांक बदलल्याचं कळलं नाही? "चौथा. कॉम्प्युटरमध्येच आलं ते." वय? विमावाल्यांनी नुसती पाच बोटं दाखवली. मग खरं तेच लिहू, की मला संकोच वाटतो, असं नाना म्हणाले. दोघांनी मिळून सहावा परिच्छेद पुन्हा वाचला. विमावाल्यांनी कागद खाली ठेवला आणि दुःखाने, पण थोड्या अभिमानानेही, सांगितलं, की यातून कुणी सुटत नाही, आपण काम चोख केलंय.

मदत केंद्राला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, करत करत एक मुलगी आली. तिने गोड आवाजात सांगितलं, की तक्रार मागे घ्यायला तक्रारदाराचा अर्ज लागेल, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची संमती.

"दोन्ही मीच आहे," नाना म्हणाले.

"मग दोन वेगळे अर्ज करा, सर."

"करतो."

"पण एका विद्यार्थ्याला एकाच वेळी एकच अर्ज करता येतो, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

नाही म्हणून नानांनी तिचे आभार मानले. तेही दोनदा.

आता एकच वाट राहिली होती. चौथा सदस्य काम करत होता हे जगात फक्त तिघांना ठाऊक होतं, आणि त्यांना तो चौथा सदस्य आहे हे ठाऊक नव्हतं. नानांनी नऊ वेळा निरोप लिहिला. प्रत्येक वेळी तो लांबत गेला, त्यात ग्रंथालय आलं, पंखा आला. मुदतीचे चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी बायकोने भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हटलं, "पदवी गेली तरी तुम्ही घरातच असणार आहात. पण चार महिने त्या तिघांनी विश्वास टाकला, त्यांना तरी खरं सांगा."

नानांनी सगळं खोडलं आणि लिहिलं, "मी आपला सर नाही. यादीतला चौथा मीच." आणि पाठवलं.

"सर आज मजेत दिसतात," लिफ्टवाल्याने लिहिलं आणि खाली गेला.

सिस्टरचा मात्र फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं. 

"काका," ती म्हणाली. चार महिन्यांचा सर एका शब्दात उतरला. "तुम्ही आमच्यासारखेच विद्यार्थी, आणि आम्हाला शेरे देत होतात? मी ड्यूटी संपवून तुमच्या धाकाने परत परत लिहीत होते."

"चांगलं लिहिलं होतंत," नाना म्हणाले. 

"आणि त्या चौथ्याला काय काय बोललो आम्ही. लाज कशी नाही वाटली ऐकताना?"

"तेव्हा मलाही तो आवडत नव्हता."

पलीकडे सिस्टर हसली की उसासली, ते कळलं नाही. मग ती म्हणाली, "पत्र आम्ही लिहितो. तुम्ही हात लावायचा नाही. तुमचं लिखाण तिथे आता ओळखतात."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी पत्र आलं. तिघांनी मिळून लिहिलं होतं, म्हणजे प्रत्येक वाक्य तीन ठिकाणी सुरू होत होतं. सोबत नानांनी तपासलेल्या सगळ्या लाल पानांचे फोटो होते. 'परस्परांना आधार दिल्याचा पुरावा,' असं वर लिहिलं होतं. पार्लरवालीने म्हटलं होतं की आम्हाला जो मित्र दिला तो लागलाच नाही, जो लागला तो दिलेला नव्हता, ही चूक आमची पण फायदाही आमचाच झाला. आणि मधला एक परिच्छेद लिफ्टवाल्याचा, कुणी सांगायची गरज नव्हती : 'काका लाजरे आहेत तर दार उघडत नाही म्हणून लिफ्ट बंद आहे असे लोक म्हणतात पण तसे नसते, दाराचा बिघाड वेगळा नि मोटारचा वेगळा, आमची मोटार तेच आहेत, दाराचे आम्ही बघून घेऊ.'

हे पत्र नानांच्याच खात्यातून, खुलाशाच्या चौकटीत टाकायचं होतं. नानांनी सवयीने ते छापून घेतलं. लाल पेन उघडलं. पहिल्या पानावर एकोणीस चुका निघाल्या. लिफ्टवाल्याच्या वाक्याला कुठे तोडावं तेही त्यांना स्पष्ट दिसत होतं, दोन पूर्णविराम आणि एक 'परंतु', की झालं. त्यांनी पेन टेकवलं. कागदावर लाल ठिपका पडला. मग पेनाचं टोपण लावून टाकलं. एकही अक्षर न बदलता त्यांनी पत्र चौकटीत घातलं. चष्मा ओला झाल्यामुळे बटण नीट दिसेना. बायकोने बोट धरून दाखवलं, "हे नाही. ते, उजवीकडचं."

तीन आठवड्यांनी निकाल लागला. गट-प्रकल्प उत्तीर्ण. चारही सदस्य उत्तीर्ण. नाना पदवीधर झाले. फोनवरच्या गटात त्या दिवशी नुसती झुंबड उडाली, आणि तेव्हापासून ते तिघांचे 'चौथे काका' झाले. विमावाले अभिनंदन करून गेले. आपल्या हातून सुटलेला हा पहिलाच, असं त्यांनी जाताना कबूल केलं.

निकालपत्राच्या तळाशी समितीचा शेरा होता. तो सूनबाईने मोठा करून वाचून दाखवला : "सदर विद्यार्थ्याने सादर केलेल्या खुलाशातील भाषा अत्यंत सदोष आहे. त्याने लेखनाचा नियमित सराव करावा. गटाने केलेल्या तक्रारीची भाषा त्याने आदर्श म्हणून समोर ठेवावी."

बायको आत जाऊन हसली, पण भिंत पातळ होती.

नाना ताबडतोब उत्तर लिहायला बसले. चार पानं झाली. त्यांत अकरा हजार पुस्तकं आली, चौतीस वर्षं आली, तक्रारीतल्या सहाव्या परिच्छेदाचा खरा कर्ता कोण, हेही सप्रमाण सिद्ध झालं. त्यांनी ते तीनदा वाचलं. एक विशेषण काढलं, पुन्हा घातलं. पुराव्याने बिनतोड होतं. फक्त शेवट जरा बढाईखोर वाटत होता.

उद्या ताज्या डोळ्यांनी पाहू, असं म्हणून त्यांनी डावीकडचं बटण दाबलं. कप्प्यातला आकडा बासष्ट झाला.